देवचारचा मॅनेजर

९ मार्च, सोमवार

शिमगा संपला. आजपासून रोजनिशी. मोठी माणसं रोजनिशी ठेवतात. पुढे कोणाला माझ्यावर लिहायचं झालं तर शोधाशोध नको.

बातमी अशी: एक प्रचंड मोठी कंपनी 'पटांगण' विकत घेतेय. कंपनीचं नाव इथे लिहीत नाही. वही भलत्याच्या हाती लागली तर शेअर बाजार हलायचा. यापुढे नुसतं मो. कं.

'पटांगण' म्हणजे मोबाईलवरची ती जागा, जिथे एक जण गेम खेळतो आणि हजारो लोक बसून बघतात. का बघतात, हे विचारण्यात अर्थ नाही. मी क्रिकेट बघतोच की.

पेपरात खालच्या ओळीत लिहिलंय की 'पटांगण'वर मराठीत सगळ्यांत जास्त बघितलं जाणारं चॅनल आहे 'देवचार', आणि ते चालवते देवगडची तन्वी धुरी. म्हणजे आमची तन्वी! ती गेम खेळते हे माहीत होतं. बंदुका घेऊन धावायचं आणि मालवणीत ओरडायचं. "मेल्या, माडामागे लपलंस काय? भायर ये, तुजो नारळ करतंय!" पण हे लोक बघतात, आणि दुबईतले लोकसुद्धा बघतात, हे मला माझ्याच घराबद्दल पेपरातून कळलं.

संकल्प: मी तन्वीचा मॅनेजर होणार. एवढ्या मोठ्या व्यवहारात पोरीला एकटं सोडणं बरं नाही. पात्रता: परळच्या औषध कंपनीत तीस वर्षं, डिस्पॅच विभाग. कॉर्पोरेट जग आतून पाहिलंय. निदान गेटच्या आतून.

शिवाय मी तिला पहिल्यापासून पाठिंबा दिलाय. मागच्या वर्षी राउटर माळ्यावर लपवला होता, तो शिस्तीसाठी.

१० मार्च

सकाळी चहाच्या वेळी निर्णय जाहीर केला. तन्वी हसली. आनंदाने असावं. म्हणाली, "बाबा, तुमी रिटायर झालास ना? मगे रिटायरच रवा."

विनीताने कप उचलले. बायकोला धक्का बसला की ती कामाचं बोलते. खालच्या बागेतले आंबे काढायला गडी कधी बोलावणार, असं विचारलं. उद्या, म्हणालो.

१२ मार्च

धंदा समजून घ्यायचा तर कामगाराच्या जागी उभं राहावं लागतं. म्हणून तो बंदुकांचा गेम स्वतः खेळलो.

पहिल्यांदा छत्रीने उतरलो, गवतात उभा राहून परिसर पाहिला, मेलो. दुसऱ्यांदा एका घरापाशी गेलो, दार कसं उघडतं ते शोधता शोधता मेलो. तिसऱ्यांदा आमच्या संघातला कोणीतरी फोनमधून म्हणाला, काका, तुम्ही फक्त झोपून राहा. झोपून राहिलो. संघ दुसरा आला. म्हणजे माझी नीती बरोबर होती.

गडी उद्या.

१४ मार्च

मो. कं.ला इंग्रजीतून ई-मेल. एक पान. मायना 'Respected Company'. अटी स्पष्ट मांडल्या: (१) चॅनलचं नाव बदलून 'श्री दत्त गेमिंग' करावं. देवचार म्हणजे शेवटी भूतच, परदेशी माणसाला काय वाटेल. (२) आंब्याच्या मोसमात तन्वीला सुट्टी. (३) सर्व बोलणी माझ्यामार्फत.

रात्रीपर्यंत उत्तर नाही. चांगली खूण आहे. लगेच उत्तर देतो तो गरजू.

१५ मार्च

उत्तर आलं! मेल मिळाल्याचं कळवलंय आणि खाली ठळक अक्षरांत Do Not Reply. म्हणजे त्यांना विचार करायला वेळ हवाय, आणि मी मध्ये बोलून दबाव आणू नये अशी विनंती आहे. घाबरलेत.

तरी एक मेल केला. दबाव चालू ठेवलेला बरा.

१७ मार्च

बाबलीला सांगितलं. बाबली माझा शाळासोबती, स्टँडवर रिक्षा लावतो. कोणाला बोलू नको म्हणून सांगितलं. बाबलीने आईची शपथ घेतली. मग रिक्षा घेऊन गेला.

१८ मार्च

सकाळी मासळी घ्यायला गेलो तर कोळणीने पापलेट निवडून दिलं. म्हणाली, कंपनी येतली मगे आमकाय इसरा नको. दुपारी एक जण रस्त्याकडेची जमीन दाखवायला आला. संध्याकाळी वाडीतल्या हौसाबाई आल्या. त्यांचा भाचा बीकॉम आहे, घरी बसून आहे. त्याला चिकटवा, म्हणाल्या. जाताना एक कोंबडा ठेवून गेल्या.

लोकांचा समज झालाय की मो. कं. देवगडात ऑफिस काढणार आणि माणसं मी घेणार. मी असं कुठेही म्हटलेलं नाही.

नाही असंही म्हटलेलं नाही. एकदम नाही म्हटलं की लोकांचं मन मोडतं.

२२ मार्च, रविवार

वडे, कोंबडा. विनीता म्हणाली, "कोंबडो खंयसून इलो?" मी म्हणालो, सार्वजनिक जीवनात असं चालतं.

२५ मार्च

स्टुडिओ हवा. माजघरात बसून एवढा मोठा उद्योग चालत नाही. मागे विनीताचे मसाल्याचे डबे दिसतात.

बागेतला मांगर मोकळा करतोय. आंबे ठेवायची कौलारू जागा, भिंती जाड, बाहेरचा आवाज येत नाही. आत विनीताने पहिल्या काढणीचे आंबे पेंढ्यात अढी लावून ठेवले होते. (काढणी तिने परवा स्वतःच करून घेतली. मी गडी बोलावणारच होतो.) ते उचलून मांगराच्या ओट्यावर हवेशीर मांडले. दोन जुन्या गाद्या फोडून त्यातला फोम भिंतींना लावला.

तन्वीने येऊन पाहिलं. म्हणाली, "बाबा, हंय रेंज येना."

तांत्रिक बाब आहे. बघू.

२६ मार्च

ओट्यावरचे आंबे माकडांनी नेले. सगळे नाहीत. जे ठेवले ते एकेक चावा घेऊन.

विनीता ओट्यावर आली, चावलेला एक आंबा उचलून पाहिला. मग म्हणाली, "बरी पार्टी दिलास माकडांक." आणि झाडू घेतला. मी म्हणालो, उद्योगात सुरुवातीला नुकसान होतंच. तिने झाडू माझ्या हातात दिला.

२ एप्रिल

मो. कं.ला रोज एक मेल चालू आहे. रोज तेच उत्तर. त्यांच्याकडे नवा मुद्दा नाही असं दिसतं.

तन्वीकडे दोन मिनिटं मागितली, फक्त धोरण समजावून सांगायला. तिच्या कानाला हेडफोन होता. विनीता आणि ती मात्र दोघी स्वयंपाकघरात कुजबुजत असतात. मी गेलो की आमटीत मीठ किती यावर बोलतात. सवय नाही अजून त्यांना. मी मुंबईत असताना ह्या दोघीच इथे होत्या. मी गणपतीत यायचो आणि मे महिन्यात आठ दिवस. तन्वीच्या बारशानंतर मी आलो तेव्हा ती चालत होती. माणसाला कोणाचीही सवय व्हायला वेळ लागतो.

५ एप्रिल, रविवार. रात्री

ऐतिहासिक दिवस.

संध्याकाळी तन्वी लाईव्ह होती. मी लग्नातला कोट घातला, केस विंचरले, माजघरात शिरून तिच्या खुर्चीमागे उभा राहिलो आणि म्हणालो, "Good evening to all customers." मग मराठीत सांगितलं की मी देवचारचा मॅनेजर, मो. कं.शी बोलणी अंतिम टप्प्यात आहेत (नाव घेतलं, लाईव्हमध्ये मो. कं. म्हणून कसं चालेल), कंपनीचं ऑफिस देवगडात होणार, भरती माझ्यामार्फत, इच्छुकांनी नावं पाठवावीत.

तन्वी माझी बाही ओढत होती. तेवढ्यात तिचा गेममधला माणूस मेला. पण पडद्यावर हृदयं, हसरे चेहरे, नारळ, काय काय उडत होतं! कोणीतरी लिहिलं, 'काका रॉक्स'. हौसाबाईंचा भाचाही होता. त्याने हात जोडल्याचं चित्र टाकलं.

बाहेर आल्यावर विनीताला विचारलं, कसं झालं. ती फोन शोधत होती.

६ एप्रिल

चॅनल बंद.

कायमचं नाही. पंधरा दिवस. कारण दिलंय: व्यवहार पुरा होण्याआधी कंपनीच्या नावाने खोटी नोकरभरती. 'खोटी' हा शब्द मला पटलेला नाही. 'आगाऊ' म्हणता आलं असतं.

तन्वी ओरडली नाही. ओरडली असती तर मी समजावलं असतं. फोन टेबलावर पालथा ठेवून म्हणाली, "ऐन टायमाक चॅनल बंद आसा, म्हणजे नव्या कंपनीन माका घेवक नाय तरी चलतां. तीन वर्सां केलंय मी ह्या." मग, माझ्याकडे न बघता, "तुमी मुंबयक होतास ताच बरां होतां."

रागाच्या भरात बोलली. शिवाय उकाडाही फार होता.

मी काही मनाला लावून घेतलेलं नाही. फक्त गच्चीवर जाऊन बसलो. तिथे ऊन होतं. तरी बसलो.

९ एप्रिल

तन्वी माझ्याशी बोलत नाही. मीठ हवं असलं तर विनीताला सांगते, विनीता मला सांगते, मी देतो. व्यवस्थापनात याला योग्य मार्गाने संपर्क म्हणतात.

१० एप्रिल

स्टँडवर गेलो. हौसाबाईंनी कोंबडा परत मागितला. भाच्याला शिरगावच्या दुकानात काम मिळत होतं, ते त्याने माझ्या भरवशावर सोडलं. आता दुकानदार दुसरा माणूस घेऊन बसलाय. मी म्हणालो, मला वाईट वाटतं. त्या म्हणाल्या, "तुमका वाईट वाटान तेचां प्वाट भरतलां?"

बाबली मध्ये पडेल असं वाटलं होतं. तो टायरची हवा बघत होता.

घरी येऊन विनीताच्या कोंबड्यांतला तांबडा कोंबडा हौसाबाईंकडे पोचवला. विनीताला रात्री सांगेन.

११ एप्रिल

विनीताने आधीच मोजले होते.

१४ एप्रिल

निर्णय. मी पुण्याला जाणार. 'पटांगण'चं ऑफिस तिथे आहे. समोरासमोर बसून बंदी उठवून आणणार. कागदावर माणूस वाईट दिसतो, समोर बसला की कळतं.

घरात सांगितलं नाही. यशस्वी होऊन आल्यावर सांगेन. उरलेल्या आंब्यांतून एक पेटी घेतली. रिकाम्या हाताने जाणं बरं नव्हे. विनीताने विचारलं तर म्हणालो, फोंड्याला एकाला द्यायची आहे. खोटं नाही. वाटेत फोंडाघाट लागतोच.

१६ एप्रिल, पुणे

नीट लिहून ठेवतो.

आंब्याच्या टेम्पोतून कोल्हापूर, तिथून एसटी. पेटी पूर्ण वेळ मांडीवर. पाय अजून माझे वाटत नाहीत.

ऑफिस चौथ्या मजल्यावर. काचेचं दार. दारावर पाटीच्या जागी चार खिळ्यांची भोकं. मला वाटलं रंगकाम चालू असेल. आत दोन माणसं खुर्च्या एकावर एक रचून लिफ्टकडे ढकलत होती. एका कोपऱ्यात एक बाई जमिनीवर बसून खोक्यात सामान भरत होती. कुंडी, कप, चार्जर.

मी नाव सांगितलं. ती वर बघतच राहिली. "दत्तप्रसाद धुरी? 'श्री दत्त गेमिंग' वाले?"

मी म्हणालो, होय.

तिचं नाव संचिता. माझे सगळे मेल तिच्याकडे येत होते. म्हणाली, "काका, आम्ही ते डबा खाताना मोठ्याने वाचायचो. या महिन्यात तेवढंच हसलो आम्ही."

म्हणजे मेल वाचले जात होते. मी म्हणत होतोच.

मग मी बंदीचा विषय काढला. भाषण तयार होतं, एसटीत दोनदा म्हणून पाहिलं होतं. संचिता म्हणाली, "बंदी उठली की. सोमवारीच. विनीता मॅडमनी अपील केलं ना. नव्या कंपनीबरोबर तन्वीचा करारही झाला काल. मॅडमनी शेवटच्या दिवसापर्यंत एकेक ओळ बदलून घेतली."

मी विचारलं, कोण विनीता मॅडम.

"तन्वीच्या मॅनेजर. तीन वर्षं आमचं सगळं त्यांच्याशीच बोलणं. फार कडक हो. आमचे साहेब त्यांचा फोन आला की उभे राहून बोलायचे." मग तिच्या लक्षात आलं असावं. म्हणाली, "तुम्हाला माहीत नव्हतं?"

मी म्हणालो, माहीत होतं, फक्त मॅडम म्हटल्यामुळे गोंधळ झाला.

विषय बदलायला मी तिच्या कामाचं विचारलं. आता मो. कं.मध्ये मोठ्या पगारावर जाणार असेल, म्हणालो, अभिनंदन. ती खोक्याला चिकटपट्टी लावत म्हणाली, "त्यांनी बघणारे विकत घेतले, काका. खेळणारे घेतले. आम्ही मधले. मधल्यांचा आज शेवटचा दिवस."

परळला आमचीही कंपनी एका मोठ्या कंपनीने घेतली होती. तेव्हा मलाही असंच खोकं दिलं होतं, त्यात मी माझं कुलूप आणि स्टीलचा डबा भरला होता. घरी मी स्वेच्छानिवृत्ती म्हणून सांगितलं. ते खरंच आहे. फक्त स्वेच्छा त्यांची होती.

मी पेटी उघडली. खुर्च्या गेल्या होत्या, म्हणून जमिनीवरच बसलो. सुरी नव्हती. तिने दाताने साल सोलली आणि रस कोपरापर्यंत गेला. खुर्च्या नेणाऱ्या दोघांनाही दिले. ती म्हणाली, असा आंबा तिने जन्मात खाल्ला नव्हता. मग जरा रडली. मी पुठ्ठ्याच्या तुकड्याने वारा घातला. दुसरं काही हाताशी नव्हतं.

उरलेली पेटी तिला दिली. लिफ्टपर्यंत तिचं खोकं मी उचललं. डिस्पॅचचा माणूस आहे, खोकं कसं धरायचं ते मला कळतं.

१७ एप्रिल

घरी पोचलो. विनीता ओट्यावर आंबे निवडत बसली होती. मी शेजारी बसलो. दोन-तीन आंबे निवडले. तिने ते माझ्या ढिगातून काढून दुसऱ्या ढिगात टाकले.

म्हणालो, संचिता भेटली.

ती म्हणाली, "सांगल्यान माका. फोन इल्लो."

मी विचारलं, हे सगळं तू करत होतीस, मला का नाही सांगितलं. ती आंबा हातात फिरवत म्हणाली, "तुमी कधी इचारलास? पयलां राउटर माळ्यार ठेवलास, मगे एकदम मॅनेजर होवन इलास." मग म्हणाली, "पेटी फोंड्याक दिलास ना? बरी पोचली."

नोंद: विनीताची मॅनेजरपदी नेमणूक मी मान्य केली आहे. मला सल्लागार म्हणून राहायला हरकत नाही. तिला अजून विचारलेलं नाही.

२८ एप्रिल

मांगरातला फोम काढला. गाद्या परत भरल्या. एक गादी थोडी उंच झाली, ती माझी.

हौसाबाईंच्या भाच्याला आमच्या आंब्याच्या पॅकिंगला घेतलंय. विनीताने घेतलं. माझ्यापेक्षा जलद करतो. माझं नाव घेऊन लोकांना सांगतो की पहिली भरती झाली.

तन्वी अजून थेट बोलत नाही. काल मात्र मीठ मागताना विनीताकडे न बघता भिंतीकडे बघून मागितलं. भिंत माझ्या बाजूची होती.

१० मे, रविवार

आज मो. कं.च्या नव्या जागेवर देवचारचा पहिला लाईव्ह. 'पटांगण' बंद झालं, बघणारे सगळे तिकडे आले.

दुपारी विनीता माझ्याकडे येऊन म्हणाली, बघणारे सारखे विचारतायत, कोटवाले काका कुठे. थोडा वेळ येऊन बसा. 'बघतो,' असं मी शांतपणे म्हणालो आणि मागच्या दाराने जाऊन कोट काढला. इस्त्री केली. भाषण लिहिलं. चार मुद्दे. नोकरीचा उल्लेख एकाही मुद्द्यात नाही.

संध्याकाळी माजघरात गेलो. तन्वीच्या शेजारी स्टूल ठेवलेलं होतं. तन्वीने थोडं सरकून जागा केली. पडद्यावर नावंच नावं धावत होती, दुबई, वाशी, कणकवली, खारेपाटण, नालासोपारा. एवढी माणसं एकदम माझ्याकडे बघतायत असं परळला कधी झालं नव्हतं. मुद्दे खिशात होते. हात खिशापर्यंत गेला आणि तिथेच राहिला. चारही मुद्दे डोक्यातून उडाले. मी हात वर केला आणि तोंडून निघालं, "जेवलास काय रे सगळे?"

विनीता फोनच्या मागे उभी होती. तिने दाराकडे बोट दाखवलं. वेळ संपली.

बाहेर येऊन बाबलीला फोन केला, कसं झालं विचारायला. तो म्हणाला, दिसलास बरो, पण आवाज इलो नाय. विनीताला विचारलं. तिने माईक मी बसायच्या आधीच बंद केला होता. खबरदारी म्हणून. करारात तसं कलम आहे म्हणाली. तिनेच घालून घेतलंय.

म्हणजे जगात कोणालाही ऐकू गेलं नाही. फक्त शेजारी तन्वी होती, तिला गेलं. तिचं लक्ष गेममध्ये होतं, बोटं चालू होती. तेव्हाच, मान न वळवता म्हणाली होती, "मी जेवलंय, बाबा. तुमी?"

मी जेवलो नव्हतो. तसं सांगितलं.